निवड आवाजाची, कसोटी स्वभावाची

ग्रामसभेत सगळ्यात जास्त कोण बोलते, असे गावात कुणालाही विचारले तर उत्तर लगेच मिळते. बिघडलेला हातपंप दुरुस्त होईपर्यंत पंचायत समितीत खेटे कोण घालते, या प्रश्नाला मात्र लोक जरा थांबून उत्तर देतात. दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच माणूस असेल तर ते गाव नशीबवान. अनेक ठिकाणी ही दोन माणसे वेगळी असतात आणि मते पडतात ती पहिल्याला. असे का होते, याचा शोध मानसशास्त्रज्ञ गेली शंभरेक वर्षे घेत आहेत. त्यातून जे हाती लागले आहे, ते वाशीमसारख्या जिल्ह्याला विशेष उपयोगाचे आहे.

1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या 11 लाख 97 हजार आणि त्यातले 80 टक्क्यांहून अधिक लोक खेड्यांत राहणारे. 2018 मध्ये केंद्र सरकारने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) यांच्याबरोबर वाशीमचे नाव त्यात आले. आरोग्य, पोषण, शिक्षण, शेती आणि पाणी यांत मागे असलेल्या भागांना पुढे आणण्याचा तो कार्यक्रम. योजना दिल्लीत किंवा मुंबईत आखली जाते, पण ती गावात उतरवायची असते सरपंचाने, ग्रामसेवकाने, आशा सेविकेने, अंगणवाडी सेविकेने आणि बचत गटाच्या अध्यक्षाने. राज्यात 2017 मध्ये थेट जनतेतून सरपंच निवडण्याची पद्धत आली, 2020 मध्ये ती रद्द झाली आणि 2022 मध्ये पुन्हा लागू झाली. म्हणजे आता मतदार पॅनेलबरोबरच थेट एका माणसालाही मत देतो. तो माणूस ओळखायचा कसा?

पाच धागे

नेता जन्मावा लागतो, ही समजूत जुनी आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ राल्फ स्टॉगडिल यांनी 1948 मध्ये तोवरचे 124 अभ्यास एकत्र तपासले आणि एक निष्कर्ष मांडला : सगळीकडे आणि सगळ्या प्रसंगांत चालेल असा नेत्याचा एकच एक गुण सापडत नाही. एका ठिकाणी शोभलेला नेता दुसऱ्या ठिकाणी अगदीच साधा ठरू शकतो. त्यानंतर बरीच वर्षे स्वभावाचा अभ्यास मागे पडला.

तो पुन्हा पुढे आला, कारण स्वभाव मोजण्याची एक बऱ्यापैकी सर्वमान्य चौकट तयार झाली. माणसामाणसांतले स्वभावाचे फरक मुख्यतः पाच धाग्यांत मांडता येतात, असे ही चौकट सांगते. पहिला धागा बहिर्मुखतेचा : चारचौघांत मिसळण्याची आणि पुढे होऊन बोलण्याची हौस. दुसरा काटेकोरपणाचा : हातात घेतलेले काम वेळेत, हिशेबाने, शेवटापर्यंत नेणे. तिसरा मनमिळाऊपणाचा : दुसऱ्याचे ऐकून घेणे, विश्वास ठेवणे, सहकार्य करणे. चौथा भावनिक स्थैर्याचा : संकटात डोके शांत ठेवणे, चटकन न चिडणे, न घाबरणे. पाचवा मनाच्या मोकळेपणाचा : नव्या कल्पनेचे वावडे नसणे.

हे धागे कमी-अधिक प्रमाणात प्रत्येकात असतात. त्यात चांगला किंवा वाईट असा शिक्का नाही. अबोल माणूस भित्रा असतोच असे नाही आणि बोलका माणूस उथळ असतोच असेही नाही.

नेता ठरणे वेगळे, नेतृत्व जमणे वेगळे

2002 मध्ये टिमोथी जज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पाच धाग्यांचा नेतृत्वाशी असलेला संबंध तपासणाऱ्या अभ्यासांची एकत्रित छाननी केली. त्यात एकूण 73 गट होते. त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट केली : दोन प्रश्न वेगळे ठेवले. गटात लोक कुणाला नेता मानतात, हा पहिला प्रश्न. नेता झाल्यावर त्याचे काम किती परिणामकारक ठरते, हा दुसरा.

असा संबंध शून्य ते एक या मापाने मोजतात. शून्य म्हणजे काहीच नाते नाही, एक म्हणजे पक्के नाते. नेता ठरण्याशी बहिर्मुखतेचे नाते 0.33 निघाले, परिणामकारक कामाशी 0.24. म्हणजे पुढे होऊन बोलण्याचा फायदा निवडीच्या वेळी अधिक आणि कामाच्या वेळी कमी. मनमिळाऊपणाचे उलटे झाले. नेता ठरण्याशी त्याचे नाते जेमतेम 0.05, म्हणजे जवळजवळ नाहीच. पण परिणामकारक कामाशी ते 0.21 पर्यंत गेले. दुसऱ्याचे ऐकून घेणारा माणूस निवडीच्या वेळी डोळ्यांत भरत नाही, कारभार सुरू झाला की त्याची किंमत कळते. भावनिक स्थैर्य आणि मनाचा मोकळेपणा हे दोन्ही ठिकाणी सारखेच उपयोगी ठरले.

काटेकोरपणाचा आकडा मात्र विचार करायला लावणारा आहे. नेता ठरण्याशी त्याचे नाते 0.33 होते, ते परिणामकारकतेशी 0.16 वर आले. सगळे स्वतःच नीट करणाऱ्या माणसाला दुसऱ्याकडून काम करून घेणे जड जात असावे, असा त्याचा एक अर्थ लावता येतो. मात्र 2011 मध्ये स्कॉट डीरू आणि सहकाऱ्यांनी केलेल्या मोठ्या छाननीत गटाच्या प्रत्यक्ष कामगिरीशी काटेकोरपणाचेच नाते ठळक दिसले. नेत्याबद्दल लोकांचे मत काय, हे विचारले की एक चित्र दिसते. गटाने काम किती केले, हे मोजले की दुसरे.

पाचही धागे एकत्र धरले तरी नेतृत्वाशी त्यांचे नाते 0.48 भरते. सोप्या भाषेत सांगायचे तर नेत्यानेत्यांतल्या फरकाचा साधारण पाव हिस्सा स्वभावावरून कळतो. उरलेला पाऊण हिस्सा अनुभव, प्रशिक्षण, सोबतची माणसे, हाती असलेला निधी आणि परिस्थिती यांचा.

बोलण्याचा वेळ

लोक बोलक्या माणसाला नेता का मानतात? तो जास्त शहाणपणाचे बोलतो म्हणून, असे वाटणे साहजिक आहे. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने याची परीक्षा घेतली. विद्यार्थ्यांचे 33 गट करून त्यांना एकत्र करायचे काम दिले आणि कोण किती वेळ बोलते हे मोजले. नंतर प्रत्येकाला विचारले, तुमच्या गटात नेता कोण? जो जास्त वेळ बोलला, त्याचे नाव जास्त आले. बुद्धिमत्ता आणि स्वभाव यांचा हिशेब वेगळा काढल्यावरही बोलण्याच्या वेळेचा हा परिणाम उरलाच. शिवाय पुरुषांना केवळ पुरुष असल्याचा थोडा जास्तीचा लाभ मिळाला.

आपल्याकडच्या ग्रामसभेत हाच हिशेब चालतो. मागे बसलेली माणसे, पदर सावरून दाराशी उभ्या असलेल्या बाया, नुकताच मतदार झालेला मुलगा, यांच्या वाट्याला बोलण्याची मिनिटेच येत नाहीत. मग त्यांच्यात नेतृत्व आहे की नाही, हे कळायला मार्गच उरत नाही.

गप्प राहून कारभार हाकणारा

बहिर्मुख नेता नेहमी कमी पडतो, असेही नाही. माणसे कोणती आहेत, यावर ते ठरते. 2011 मध्ये ॲडम ग्रँट, फ्रान्सेस्का जिनो आणि डेव्हिड हॉफमन यांनी अमेरिकेत पिझ्झा घरपोच देणाऱ्या एका साखळीची 57 दुकाने अभ्यासली. जिथे कर्मचारी सांगितले तेवढेच करणारे होते, तिथे बहिर्मुख व्यवस्थापकाच्या दुकानाचा नफा 16 टक्क्यांनी जास्त होता. जिथे कर्मचारी स्वतःहून सुधारणा सुचवणारे होते, तिथे मात्र बहिर्मुख व्यवस्थापकाच्या दुकानाचा नफा 14 टक्क्यांनी कमी भरला. पुढे होऊन काम करणाऱ्यांना ऐकून घेणारा माणूस लागतो. सतत स्वतःच बोलणारा वरिष्ठ मिळाला की तेही गप्प होतात.

पिझ्झाच्या दुकानातून शिवारात यायला फार लांब जावे लागत नाही. 2017 मध्ये पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत राज्यातले 30 तालुके होते आणि त्यांत वाशीम जिल्ह्यातला कारंजा होता. 45 दिवस, भर उन्हाळा, कुदळ-फावडे घेऊन समतल चर आणि बांध. अशा कामात नेतृत्वाचे दोन वेगवेगळे टप्पे असतात. पहिल्या दिवशी लोकांना घराबाहेर काढायला खणखणीत आवाजाचा, हसतखेळत बोलणारा माणूस लागतो. तिसाव्या दिवशी, हाताला फोड आलेले असताना आणि लग्नसराई सुरू झालेली असताना, रोज पहाटे ठरल्या वेळी येणारा आणि चराची लांबी वहीत लिहून ठेवणारा माणूस लागतो. हे दोन्ही गुण एकाच माणसात असणे दुर्मीळ. ज्या गावाने दोघांनाही जागा करून दिली, त्याचे काम सोपे झाले.

तांड्याची जुनी वाटणी

ही गोष्ट जिल्ह्याला नवी नाही. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे देशभरातल्या बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आणि जिल्ह्यात तांड्यांची वस्ती मोठी. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरणाऱ्या तांड्याला वाट, पाणी आणि मुक्काम ठरवणारा प्रमुख लागे. तो नायक. पण नायक एकटा नसे. त्याच्या जोडीला कारभारी असे आणि तंट्याचा निवाडा करायला नसाब बसत असे. म्हणजे पुढे चालणे, व्यवहार पाहणे आणि न्याय करणे ही कामे एकाच स्वभावाच्या माणसावर टाकलेली नव्हती.

नायकपद बहुधा वंशपरंपरेने जाई, त्यामुळे या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण नेतृत्व म्हणजे एक माणूस नसून जबाबदाऱ्यांची वाटणी असते, हे तिला ठाऊक होते. आजच्या ग्रामपंचायतीतही सरपंच, उपसरपंच, ग्रामसेवक आणि ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती अशी वाटणी कागदावर आहे. ती कागदावरच राहिली, की सगळा भार एका आवाजावर येतो.

चूक सांगता येते का?

नेत्याच्या स्वभावाचा आरोग्याशी थेट संबंध दाखवणारा एक अभ्यास प्रसिद्ध आहे. 1990 च्या दशकात एमी एडमंडसन यांनी अमेरिकेतल्या दोन रुग्णालयांमधील आठ कक्षांत औषधे देण्यातल्या चुका मोजल्या. ज्या कक्षात चांगले नेतृत्व आणि चांगला एकोपा आहे, तिथे चुका कमी सापडतील, अशी त्यांची अपेक्षा होती. निघाले उलटेच. चांगल्या कक्षांत नोंदवलेल्या चुका जास्त होत्या. खोलात गेल्यावर कारण कळले : तिथल्या परिचारिका चूक झाली तर सांगत होत्या. दुसरीकडे प्रमुखाच्या रागाच्या धाकाने चुका झाकल्या जात होत्या. झाकलेली चूक पुन्हा होते आणि रुग्णालयात तिची किंमत रुग्ण मोजतो.

ही गोष्ट प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बैठकीत आणून पाहावी. एखाद्या वस्तीवरच्या बाळाचे वजन दोन महिने घेतले गेले नाही, गरोदर बाईची तपासणी राहून गेली, लोहाच्या गोळ्या संपल्या. हे आशा सेविका मोकळेपणाने सांगेल का? ‘तुझ्याकडून हे राहिलेच कसे?’ असा पहिला प्रश्न येणार असेल, तर पुढच्या महिन्यात रजिस्टरचे सगळे रकाने भरलेले दिसतील आणि बाळ मात्र तसेच राहील. ‘काय अडचण आली?’ असा पहिला प्रश्न आला, तर त्याच बैठकीत मार्ग निघेल. इथे भावनिक स्थैर्य आणि मनमिळाऊपणा हे चांगल्या वागणुकीचे दागिने नाहीत. माहिती खालून वर येण्याची ती वाट आहे. कडक शिस्तीचा नेता म्हणून ज्याचे कौतुक होते, त्याच्यापर्यंत वाईट बातमी सगळ्यात उशिरा पोहोचते.

शांत स्वभाव म्हणजे ढिलेपणा, असा मात्र गैरसमज नको. ठामपणा कमी पडला तर कामे होत नाहीत, अती झाला तर माणसे तुटतात. डॅनियल एम्स आणि फ्रान्सिस फ्लिन यांनी 2007 मध्ये दाखवले, की ठामपणाचा उपयोग मध्यम पातळीवर सर्वाधिक असतो. भाजीत मिठाचे असते तसेच.

बाईचा आवाज, तेच भाषण

महाराष्ट्रात पंचायतींमधल्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. तरीही ‘सरपंच पती’ हा शब्द गावोगावी रुळला आहे. निवडून आलेली बाई बोलत नाही, तिला कारभार कळत नाही, हे त्यामागचे नेहमीचे समर्थन. त्याची परीक्षा पश्चिम बंगालमध्ये झाली. लोरी बीमन, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी गावकऱ्यांना एकाच मजकुराचे भाषण ऐकवले. काहींना पुरुषाच्या आवाजात, काहींना बाईच्या. ज्या गावांत आरक्षणामुळे कधीच महिला प्रमुख झाली नव्हती, तिथल्या पुरुषांनी तेच भाषण बाईच्या आवाजात ऐकून कमी गुण दिले. ज्या गावांनी महिलेचा कारभार पाहिला होता, तिथे हा फरक पुसला गेला होता. शब्द तेच होते, फरक ऐकणाऱ्याच्या सवयीचा होता.

त्याआधी 2004 मध्ये राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल व राजस्थानातल्या पंचायतींचा अभ्यास केला होता. महिला प्रमुख असलेल्या पंचायतींनी दोन्ही राज्यांत पिण्याच्या पाण्याच्या कामांवर जास्त भर दिला होता. हंडा डोक्यावर घेणाऱ्या व्यक्तीला पाण्याचा प्रश्न वेगळा दिसतो, हे सांगायला आकडे लागू नयेत. पण आकडेही तेच सांगतात. वाशीम जिल्ह्यातल्या सायखेड्याच्या एका महिलेने घरात शौचालय बांधण्यासाठी मंगळसूत्र विकल्याची बातमी 2015 मध्ये राज्यभर गाजली. तिच्याकडे कुठलेही पद नव्हते. पण गरज ओळखणे, निर्णय घेणे आणि लोक काय म्हणतील याची पर्वा न करणे, हे नेतृत्वाचेच गुण आहेत.

स्वभाव बदलतो का?

जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांवरून असे दिसते, की नेतृत्वाच्या जागी पोहोचण्यातला साधारण तीस टक्के फरक आनुवंशिक असतो. म्हणजे मोठा हिस्सा जन्मानंतर घडतो. ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये 207 अभ्यासांची छाननी केली. समुपदेशन आणि उपचारांसारख्या प्रयत्नांनी काही आठवड्यांतही स्वभावाचे धागे थोडे सरकतात, असे त्यात दिसले. सर्वाधिक बदल भावनिक स्थैर्यात होता.

त्याहून आशादायक बाब म्हणजे स्वभावापेक्षा वागणे जास्त मोलाचे ठरते. डीरू यांच्या 2011 च्या छाननीत नेत्याच्या परिणामकारकतेचा उलगडा स्वभावापेक्षा त्याच्या प्रत्यक्ष वागण्यातून अधिक झाला. विदर्भाला हे गाडगेबाबांनी शास्त्राच्या आधीच दाखवले होते. गावात आले की आधी हातात खराटा, दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन. कीर्तनाला बसलेल्या माणसांनी सकाळचे वागणे पाहिलेले असे, म्हणून रात्रीचे बोलणे पटत असे. नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात 1989 नंतर पोपटराव पवारांच्या काळात गावाने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, श्रमदान केले आणि पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवण्याची शिस्त लावून घेतली. एका माणसाचा काटेकोरपणा गावाच्या नियमांत उतरला, की तो त्या माणसावर अवलंबून राहत नाही.

चाचणीच्या कागदावर भरवसा नको

आता स्वभाव मोजून देणाऱ्या चाचण्या मोबाइलवर फुकट मिळतात. म्हणून उमेदवारांची चाचणीच घ्यावी, असे कुणाला वाटेल. इथे सावध राहायला हवे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अल्प व मध्यम उत्पन्नाच्या 23 देशांमधल्या 94 हजारांहून अधिक लोकांची उत्तरे तपासली गेली. पाश्चात्त्य विद्यार्थ्यांसाठी बनवलेल्या या प्रश्नावल्या तिथे घरोघरी जाऊन विचारल्या की पाच धागे नीट वेगळे पडतच नाहीत, असे आढळले. विचारणारा पाहून लोक हो ला हो म्हणतात, प्रश्नांचे अर्थ बदलतात. वर दिलेले बहुतेक आकडेही परदेशी कंपन्या, सैन्य आणि महाविद्यालये यांतले आहेत. ते दिशा दाखवतात, एखाद्या माणसाचा निकाल लावत नाहीत.

गावाकडे मात्र कुठल्याही प्रश्नावलीपेक्षा भक्कम साधन आहे. ते म्हणजे सहवास. उमेदवाराला गावाने वर्षानुवर्षे पाहिलेले असते. बचत गटाचा, देवळाचा किंवा सहकारी सोसायटीचा हिशेब त्याने वेळेवर दिला का? त्याच्या विरोधात बोललेल्या माणसाशी तो दुसऱ्या दिवशी कसा वागला? दुष्काळात, साथीत किंवा भांडणात तो शांत राहिला की त्याने आगीत तेल ओतले? दुसऱ्याने सुचवलेली चांगली गोष्ट त्याने त्याच्या नावानिशी मान्य केली का? सुरू केलेली किती कामे त्याने पूर्ण केली? पाचही धागे या प्रश्नांत येतात आणि त्यांची उत्तरे पारावर बसलेल्या कुणालाही ठाऊक असतात.

ग्रामसभेतही एक साधा बदल करता येईल. नियमाने वर्षाला किमान चार ग्रामसभा आणि त्याआधी महिला सभा घ्यायची असते. तिथे विषय मांडल्यावर आधी कमी बोलणाऱ्यांना, बायांना आणि तरुणांना दोन-दोन मिनिटे द्यावीत आणि सरपंचाने शेवटी बोलावे. याला निधी लागत नाही, शासन निर्णय लागत नाही. पुढच्या निवडणुकीत मत मागायला कोण यावे, याची काही नवी नावे त्या दोन मिनिटांत गावाला सुचू शकतात.